बर्फाची आगोट

"काकू, कुंभार्ली घाट मी भर पावसात, रात्रीचा उतरतो. तिकडचे सपाट, सरळ रस्ते माझं काय बिघडवणार?"

शेजारच्या बापूंचा नातू आमच्या पडवीत बसून हे म्हणाला, तेव्हा मी सुके बोंबील निवडत होते. पोरगा हाताचा पक्का आहे. तीन मोसम हापूसच्या पेट्या भरून गुहागरहून वाशीला पिकअप नेतोय. आता जानेवारीत शिकायला विनिपेगला निघालाय, कॅनडात. मी त्याच गावात नऊ हिवाळे काढून परत आले आणि त्यातला पहिला हिवाळा गाडी चरात घालून साजरा केला. म्हणून म्हटलं, "बस जरा. चहा टाकते."

चहाचे तीन कप झाले. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण आमच्या ओळखीतला बर्फात निघालेला हा यंदाचा तिसरा.

आधी एक गोष्ट डोक्यात बसायला हवी. आपल्याकडे मे संपत आला की आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, घाई सुरू होते. लाकडं पडवीत येतात, घर शाकारून होतं, झडी बांधतात, डब्यांत सुकी मासळी भरली जाते, होड्या वर ओढून झापांखाली जातात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. कोकण रेल्वेसुद्धा पावसाळी वेळापत्रक लावून गाड्यांचा वेग कमी करते. त्यात कोणाला आपण पावसाला घाबरलो असं वाटत नाही. विनिपेगचा हिवाळा तसाच आहे. तिथली माणसं ऑक्टोबरातच टायर बदलतात, खिडक्यांच्या फटी बुजवतात, फावडं दाराशी आणून ठेवतात. जो जानेवारीत विमानातून उतरतो त्याची आगोट हुकलेली असते. आपल्याकडे कोणी भर आषाढात छत्री न घेता एसटीतून उतरावं, तसं.

आता बर्फ. आपल्या ओळखीचा बर्फ मासळीचा. दाभोळच्या धक्क्यावर लादी फोडून टोपलीत घालतात तो. मी फ्रीझरमधून दोन तुकडे काढले. एक बशीत ठेवून दिला. पाच मिनिटांनी दुसरा तुकडा थेट फ्रीझरमधून काढून त्याच्या हातात दिला. तो बोटांना चिकटला. शहाबादी फरशीवर ढकलायला सांगितलं, तर खरखरत वीतभर जाऊन थांबला. मग बशीतला, पाणी सुटलेला तुकडा ढकलला. तो सरळ ओसरीखाली अंगणात गेला. मांजर दचकून उठलं.

बर्फावर गाडी चालवण्याचं निम्मं शास्त्र त्या दोन तुकड्यांत आहे. बर्फ कायम सारखाच निसरडा नसतो. गोठणबिंदूच्या जवळचा, म्हणजे शून्य ते उणे पाच अंशांतला बर्फ सगळ्यात दगाबाज. बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू आतल्यांसारखे घट्ट बांधलेले नसतात, त्यामुळे शून्याखालीसुद्धा त्यावर पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८५० मध्येच असं काही असावं हे सुचवलं होतं. थंडी वाढत जाते तसा हा थर आणखी पातळ होतो आणि घर्षण वाढतं. आम्हाला शाळेत सांगितलं होतं की वजनाच्या दाबानं बर्फ वितळतो म्हणून पाय घसरतो. पण आकडे मांडून बघितले तर गाडीच्या टायरच्या दाबानं वितळणबिंदू एका अंशाच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्शाइतकाच खाली येतो. उणे दहाला त्याचा काय उपयोग?

म्हणून उणे पंचवीसला, दाबून बसलेल्या कोरड्या बर्फावर गाडी चांगलीच धरून चालते. पायाखाली तो जाड मिठावरून चालल्यासारखा करकरतो. लोक घाबरतात ते अशा दिवसाला. घाबरायला हवं ते दुपारी ऊन पडून पाणी झालं आणि संध्याकाळी पारा पुन्हा शून्याखाली गेला, त्या दिवसाला.

"पण घसरून घसरून किती घसरणार?" त्यानं विचारलं. त्याचा हिशेब आहे.

ताशी ५० किलोमीटर वेगाला ब्रेक दाबला, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी साधारण १४ मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर २० ते २५. दाबून बसलेल्या बर्फावर ५० मीटर. आणि नुसत्या गुळगुळीत बर्फावर जवळजवळ १०० मीटर. त्यात धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरलेला नाही, त्याचे आणखी १४ मीटर. आपली एसटी साधारण ११ मीटर लांब असते. म्हणजे गुळगुळीत बर्फावर तुझी गाडी एकामागे एक उभ्या केलेल्या नऊ एसट्यांच्या अंतरात थांबणार, नशीब बरं असेल तर. वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होतं. उलटही खरं आहे. वेग निम्मा केला की अंतर पावपट होतं, १०० चे २५ मीटर. बर्फातला सगळ्यात चांगला ब्रेक म्हणजे आधीच कमी केलेला वेग आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या तिप्पट-चौपट अंतर. इथे आपण तेवढी जागा सोडली तर मध्ये तीन रिक्षा आणि एक दुचाकी शिरते. तिथे शिरत नाहीत, बहुतेक.

ब्लॅक आइस हा शब्द तिकडे गेल्यावर रोज ऐकशील. हा काळा बर्फ मुळात काळा नसतोच. तो काचेसारखा पारदर्शक पापुद्रा, खालचं डांबर दिसतं म्हणून काळा. रस्ता ओला आहे असं वाटतं. ओळखायची एक खूण आहे: रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाणी उडत नाहीये, तर ते पाणी नाही. तो सगळ्यात आधी पुलांवर धरतो. आपली विहीर आठव. पौषातल्या पहाटे हवा गार असते आणि विहिरीचं पाणी कोमट लागतं, कारण जमीन उन्हाळ्याची ऊब धरून ठेवते. साध्या रस्त्याला खालून ती ऊब मिळते. पुलाला खालूनही वारा, वरूनही वारा. म्हणून चिपळूणला वाशिष्ठीचा पूल आणि अलीकडचा रस्ता यांत जो फरक तुला कधी जाणवला नाही, तो तिथे जाणवेल.

माझी चराची गोष्ट अशी. नोव्हेंबरातला पहिला बर्फ, बोटभरसुद्धा नव्हता. वळण आलं, वेग जरा जास्त वाटला, म्हणून वळता वळता ब्रेक दाबला. स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे होतं आणि गाडी, मी काही केलंच नाही अशा थाटात, सरळ चालत गेली. आवाज नाही, धक्का नाही. अगदी सावकाश चरात जाऊन बसली. खेचायला आलेला माणूस एक शब्द बोलला नाही. त्यानं फक्त वाकून माझे टायर बघितले आणि मान हलवली.

झालं काय होतं? टायरची पकड म्हणजे खिशातले शंभर रुपये समज. वळायला साठ लागले तर थांबायला चाळीसच उरतात. कोरड्या रस्त्यावर खिशात हजार असतात, म्हणून आपण हिशेब ठेवत नाही. बर्फावर शंभरच असतात आणि मी ते सगळे ब्रेकवर उधळले, वळायला छदाम उरला नाही. त्यामुळे आधी सरळ रस्त्यावर वेग कमी करायचा, मग ब्रेकवरचा पाय काढून वळायचं, वळून झाल्यावर हलकेच ॲक्सिलरेटर. तिन्ही कामं वेगवेगळी.

तरी घसरलीच तर? पुढची चाकं सरकली, म्हणजे वळवूनही गाडी सरळ चालली, तर आणखी वळवत बसू नको. ॲक्सिलरेटरवरून पाय काढ, स्टेअरिंग किंचित सरळ कर, चाकांना पुन्हा धरू दे, मग वळव. मागचा भाग एका बाजूला फेकला गेला, तर ज्या दिशेला जायचं तिकडे नजर ठेव आणि स्टेअरिंगही तिकडेच. समोरच्या खांबाकडे बघशील तर खांबावरच जाशील. हात डोळ्यांच्या मागे जातात, हे दुचाकी चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. अचानक ब्रेक लागलाच तर हल्लीच्या गाड्यांत एबीएस असतं, ते चाक जाम होऊ देत नाही. पायाखाली पेडल थरथरतं, खडखड आवाज येतो. गाडी मोडली असं वाटून पाय काढू नको, दाबून ठेव आणि वळवून वाट काढ. आपल्या जुन्या ड्रायव्हरांनी शिकवलेलं ब्रेक सोडून-धरून मारणं एबीएसच्या गाडीत करायचं नाही. आणि क्रूझ कंट्रोल, म्हणजे गाडीचा वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, घसरड्या रस्त्यावर बंद.

चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी गाडी घेतलीस तर ती बर्फातून निघायला मदत करेल. थांबायला काडीचीही करणार नाही. बर्फाळ सकाळी चरात पडलेल्या गाड्यांत अशा मोठ्या, रुबाबदार गाड्या मी पुष्कळ बघितल्यात.

टायरवर थोडं जास्त बोलते, कारण पैसे वाचवायला लोक इथेच बघतात. जुनी रबरी स्लिपर कशी कडक होते आणि ओल्या फरशीवर सर्रकन जाते? साधा टायर साधारण ७ अंशांखाली तसाच कडक होत जातो. विंटर टायरचं रबर वेगळं असतं, ते कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीत हजारो बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात. बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह शोधायचं. क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. मॅनिटोबात, म्हणजे विनिपेगच्या प्रांतात, सक्ती नाही, म्हणून तुझ्यासारखे विद्यार्थी स्वस्तातली जुनी गाडी घेऊन आहे त्या टायरवर फिरतात. चारही बदल. दोनच बदललेस तर गाडीचं एक टोक धरेल आणि दुसरं पळेल. आणि हवा तपासत जा. पारा साडेपाच अंश उतरला की टायरमधली हवा साधारण एक पौंडानं कमी होते. गॅरेजच्या उबेत भरलेले बत्तीस बाहेर उणे वीसला पंचविसाच्या आसपास आलेले असतात.

गाडी सुरू करणं हाही एक सोहळाच आहे. बॅटरीत रसायनांचं काम चालतं आणि थंडीत ते मंदावतं. उणे अठराला तिची ताकद निम्म्यावर येते. त्याच वेळी इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं, म्हणजे ढकलायला जास्त जोर लागतो. पहिल्या आठवड्यात मी विनिपेगमध्ये गाड्यांच्या नाकातून लोंबणाऱ्या वायरी आणि पार्किंगच्या खांबांवरचे प्लग बघितले आणि घरी फोन करून सांगितलं, इकडे सगळ्या गाड्या विजेवर चालतात! त्या वायरी ब्लॉक हीटरच्या. इंजिनात एक छोटा हीटर बसवलेला असतो, तो रात्री प्लगला जोडून ठेवायचा, म्हणजे सकाळी इंजिन कोमट असतं. घर भाड्यानं घेताना पार्किंगला प्लग आहे का, तो चालू आहे का, हे विचारायचं. नळाला पाणी येतं का विचारतो ना आपण, तसंच.

बारीकसारीक गोष्टी आणखी आहेत. काच धुण्याच्या टाकीत पाणी घालायचं नाही, उणे ४० ला न गोठणारं निळं द्रव मिळतं ते. टाकीत पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. निघण्याआधी काचाच नव्हे, टपावरचा बर्फही झाडायचा. नाहीतर पहिल्या ब्रेकला तो पुढच्या काचेवर येतो आणि तू आंधळा. जरा ऊब आलेल्या दिवशी हौसेनं गाडी धुवायची नाही. मी धुतली होती. दुसऱ्या दिवशी चारही दरवाजे चौकटीला चिकटलेले, डिकीतून सरपटत आत शिरले. शेजारची म्हातारी खिडकीतून बघत होती.

आणि हे मात्र हसण्यावारी नेऊ नको: बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, आणि गाडी बर्फात रुतली असेल तर धुराचा पाइप मोकळा केल्याशिवाय आत हीटर लावून बसायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोप येते आणि माणूस उठत नाही.

रस्त्यावर मीठ टाकतात हे त्याला ठाऊक होतं, का ते ठाऊक नव्हतं. मे महिन्यात मुंबईकर पाहुणे आले की आम्ही पॉटचं आंबा आइस्क्रीम करायचो. लाकडी बादलीत बर्फाचा चुरा, त्यावर जाडं मीठ, मध्ये दुधाचं भांडं आणि मुलांनी आळीपाळीनं दांडा फिरवायचा. मिठामुळे बर्फ वितळतो, पण वितळायला लागणारी उष्णता तो दुधातून ओढून घेतो, आणि झालेलं खारं पाणी शून्याखाली जाऊनही पाणीच राहतं. म्हणून दूध गोठतं. रस्त्यावर तेच. मीठ बर्फाला पाणी करतं आणि ते पाणी सहजी पुन्हा गोठत नाही. पण त्याला मर्यादा आहे. मिठानं भरगच्च झालेलं पाणीसुद्धा उणे २१ ला गोठतं, आणि रस्त्यावर टाकतात तेवढ्या मिठाचा जोर उणे दहाच्या आसपास संपतो. विनिपेगात जानेवारीतल्या रात्रीचा पारा सरासरीनंच उणे वीसच्या घरात असतो. म्हणून तिथे मग वाळू टाकतात, वितळवायला नव्हे, पकड मिळायला. वाळू बघून रस्ता सुरक्षित आहे असं धरू नकोस.

त्या मिठानं गाड्या सडतात. हे कोकणातल्या माणसाला समजावावं लागत नाही. समुद्राकडून येणारं खारं वारं आपल्या खिडक्यांचे गज आणि स्कूटरचे मडगार्ड कसे खातं ते रोज बघतोच. तिथे ते खार खालून, चाकांनी उडवलेल्या चिखलातून येतं. जुनी गाडी घेताना वरचा रंग बघू नको, वाकून पोट बघ.

बर्फवर्षाव परवडला, पण गोठणारा पाऊस नको. वर आकाशात उबदार हवेचा थर आणि खाली जमिनीलगत थंड हवा असली की पावसाचा थेंब पाणी म्हणूनच येतो, शून्याखालच्या तापमानाला, आणि टेकला की जागच्या जागी काच होतो. रस्ता, तारा, झाडाची प्रत्येक काडी. दिसायला फार सुंदर. जानेवारी १९९८ मध्ये क्यूबेक आणि ओंटारिओच्या काही भागांत असा पाऊस पाच-सहा दिवस पडत राहिला. विजेचे मोठमोठे लोखंडी मनोरे बर्फाच्या वजनानं कोसळले आणि लाखो लोक कडाक्याच्या थंडीत विजेशिवाय राहिले, काही जण कित्येक आठवडे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे किनाऱ्याला लागलं, तेव्हा दापोली-मंडणगडातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि खांब उन्मळले, ते या पोरानं डोळ्यांनी बघितलंय. त्याला एवढंच म्हटलं, की ते सगळं वाऱ्याचा आवाज न होता झालं असं समज. अशा दिवशी गाडी काढायचीच नाही. परीक्षा असली तरी.

मोकळ्या माळावर वाऱ्यानं उडालेला बर्फ कशेडी घाटातल्या धुक्यापेक्षा वाईट असतो, कारण धुक्यात निदान रस्त्याची कड दिसते. गाडी अडकली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. पन्नास पावलांवरचं घरही सापडत नाही. डिकीत फावडं, घोंगडी, टॉर्च, काहीतरी खायला आणि थोडी वाळू ठेव. पाइप मोकळा करून तासाला दहा मिनिटं इंजिन चालव, एक काच बोटभर खाली. बर्फ सारणारी गाडी समोर असेल तर मागे राहा, ओव्हरटेक करू नको. तिच्या मागचा रस्ता तुला आयता साफ मिळतोय.

कपड्यांचं थोडक्यात. आपण बांधून नेतो ती एक जाड स्वेटर. चूक. तीन थर घालायचे: अंगाला चिकटून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर्मल, मध्ये ऊब धरणारं काहीतरी फुगीर, वरून वारा अडवणारं जाकीट. थरांच्या मधली हवाच ऊब देते. अंगाला सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं आणि मग तेच गार पडतं. वारा किती महत्त्वाचा, ते आकड्यात बघ: उणे वीस अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला उणे ३३ असल्यासारखं होतं, आणि तेवढ्या थंडीत दहा ते तीस मिनिटांत ती गोठायला लागू शकते. आधी दुखतं, मग दुखायचं थांबतं. थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही, तीच धोक्याची खूण. घरात ये, कोमट पाण्यानं ऊब दे, चोळू नको. बोटं वेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र ठेवणारे जास्त ऊब देतात.

चालण्याची शिकवणी त्याला लागणार नाही. श्रावणात शेवाळलेल्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, आपण देवळात कसे जातो? पावलं छोटी, पाय सपाट, अंग किंचित पुढे, हात खिशाबाहेर, घाई नाही. तिकडे याला पेंग्विनसारखं चालणं म्हणतात. पेंग्विन बघायच्या आधीपासून आमची आजी तशी चालायची.

घरात शिरलास की वेगळाच त्रास. बाहेरची उणे वीसची हवा घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम बाष्प धरते. तीच घरात आणून २१ अंशांना तापवली, की तिची भूक अठरा ग्रॅमची होते आणि पोटात असतो एक. ती भूक ती तुझ्या नाकातून, ओठांतून, टाचांतून भागवते. जुलैत ज्याच्या चपलांना बुरशी येते त्या माणसाच्या नाकातून तिथे कोरडेपणानं रक्त येतं. दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी. रात्री खोलीत पाण्याचं भांडं ठेव, जमलं तर हवेत ओल सोडणारं यंत्र, ह्युमिडिफायर, घे. आणि खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे ऑक्टोबर ते मे बाटलीतून बाहेर येणार नाही. रुंद तोंडाच्या बरणीत भरून ने.

उजेडाबद्दल मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, ते सांगायला हवं होतं. आपला सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा. विनिपेगला डिसेंबरअखेर आठ तास. सकाळी अंधारात जायचं, अंधारात परतायचं. दुसऱ्या हिवाळ्यात मी फेब्रुवारीपर्यंत कोणाशी धड बोलत नव्हते आणि मला वाटायचं मीच आळशी झाले. ड जीवनसत्त्वाबद्दल तिथल्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत विचार. दुपारी, थंडी असली तरी, अर्धा तास बाहेर पड. तिथली रेड नदी गोठली की लोक तिच्यावर स्केटिंग करतात, आजोबा-आजीसुद्धा. पहिल्या वर्षी वेडेपणा वाटला. नंतर कळलं की ज्यांना हिवाळा सोसतो ते सगळे बाहेरच असतात.

पहिलं काम एकच कर, म्हटलं त्याला. गाडी घेतलीस की पहिल्या बर्फाच्या रविवारी सकाळी, परवानगी घेऊन, एखादं रिकामं पार्किंग शोध आणि तिथे मुद्दाम ब्रेक दाब. मुद्दाम घसरव. पेडल कसं थरथरतं, मागचं टोक कसं फिरतं, ते जिथे खांब नाहीत तिथे अंगाला कळू दे. मी हे चौथ्या वर्षी केलं.

"आणि बर्फ संपल्यावर?" त्यानं कप खाली ठेवत विचारलं.

मार्च-एप्रिलात दिवसा बर्फ वितळतो, पाणी डांबराच्या भेगांत शिरतं, रात्री गोठतं. गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं, भेग रुंदावते, दुसऱ्या दिवशी त्यात आणखी पाणी. असं महिनाभर झालं की डांबर उखडतं आणि रस्ताभर खड्डे, काही तर पाणी भरल्यामुळे दिसतही नाहीत. तिथले लोक त्या खड्ड्यांवरून वर्तमानपत्रांत पत्रं लिहितात, विनोद करतात, गाडी कशी चालवायची यावर एकमेकांना सल्ले देतात.

त्या भागाबद्दल मी काही बोलले नाही. गणपतीच्या आधी मुंबई-गोवा महामार्गावरून पिकअप चालवलेल्या पोराला ते कशाला शिकवायचं?